मॉरिशसचा ऊस बघायला जायचं तर सप्टेंबरात जा

पहिली गोष्ट, फेब्रुवारीत जाऊ नका. आम्ही पहिल्यांदा फेब्रुवारीतच गेलो होतो. एका प्रवास कंपनीनं ‘ऊस अभ्यासदौरा’ म्हणून पैसे घेतले, तारखाही त्यांनीच ठरवल्या. तिसऱ्या दिवशी बस कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली तेव्हा चिमणीला धूर नव्हता, काट्यावर गाडी नव्हती आणि फाटकावरचा माणूस हातानंच ‘बंद’ म्हणून खूण करत होता. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली आहे. तिथलं गाळप साधारण जून ते डिसेंबर चालतं. फेब्रुवारी म्हणजे तिथला भर उन्हाळा, पाऊस आणि चक्रीवादळांचा काळ. सहातले चार दिवस आम्हाला समुद्रकिनारे दाखवले. त्या दौऱ्याचे पैसे मी म्हशींच्या दुधातून दोन वर्षं बाजूला टाकले होते. घरी आल्यावर मामंजींनी विचारलं, “काय बघून आलीस?” आणि मला सांगता येईना.

दुसऱ्यांदा आम्ही आठ जणांनी स्वतःच जुळवाजुळव केली आणि सप्टेंबरात गेलो. आता आसपासच्या गावांतून फोन येतात, ताई कसं केलंत, कुणाला लिहिलंत, किती दिवस लागतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी शिरोळ तालुक्यातली, पंचगंगेच्या काठची. घरचा सात एकर ऊस आहे, हिशेब आणि वही माझ्याकडे असते.

सप्टेंबरच का, तर आपल्या कामांचा मेळ त्याच महिन्यात बसतो. आडसाली, म्हणजे पावसाळ्यातली ऊसलागण उरकलेली असते, पुराची धास्ती बरीच ओसरलेली असते आणि आपल्या कारखान्यांच्या गव्हाणीत मोळी पडायला, म्हणजे गाळप सुरू व्हायला, अजून महिना-दीड महिना असतो. तिकडे मात्र गाळप अगदी भरात असतं. एकच बघून घ्या, गणेश चतुर्थीची तिथं सरकारी सुट्टी असते. त्या दिवसांत कचेरीतली भेट ठरवू नका, पण बेटावर मात्र जरूर असा. त्याबद्दल पुढं सांगते.

निघण्याआधी स्वतःचे आकडे

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला. पासपोर्ट, तिकीट ही कामं कुणीही करून देईल, तुमच्या शेताचे आकडे तुमच्याशिवाय कुणाकडे नाहीत. प्रत्येकानं गटनंबरवार एकेक पान तयार करावं: जात कोणती, लागण कधी, तोड कधी, काटा पावतीवर टन किती, खताची पोती किती, पाण्याच्या पाळ्या किती, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक) घेतला की मोडला. आमच्या आठ जणांत तिघांकडेच पाच वर्षांच्या पावत्या निघाल्या. बाकीच्यांनी कारखान्याच्या शेती गटकार्यालयातून नोंदी काढून आणल्या. मागितल्यावर मिळतात.

हे पान नसलं की काय होतं, ते मी पहिल्या दौऱ्यात बघितलंय. तिथला माणूस सांगतो, आमची सरासरी हेक्टरी पंचाहत्तर टन. आपण मनात हेक्टरचे एकर करतो, तीस टन येतात, आणि गटातलं कुणीतरी म्हणतं, “हॅ, एवढा तर आपला पडका खोडवा निघतो.” तिथंच शिकणं थांबतं. पण आपला आडसाली सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, त्यांचा बहुतेक ऊस बारा महिन्यांचा खोडवा असतो. मी माझं पान काढून बसले. एका गटनंबरात आडसाली सतरा महिन्यांत एकरी ६० टन, त्याचा खोडवा बारा महिन्यांत ३८. म्हणजे एकोणतीस महिन्यांत ९८, महिन्याला साधारण ३.४ टन. त्यांचे अडीच. तरीही आपणच पुढं, पण मग पुढचा प्रश्न सुचतो: ते एकदा लागण करून सहा-सात खोडवे घेतात. नांगरट, सरी, बेणं, लागणीची मजुरी हा खर्च सात-आठ वर्षांत एकदाच. आपण निडव्यापर्यंत (दुसऱ्या खोडव्यापर्यंत) कसेबसे जातो आणि रान मोडतो. आता हा हिशेब टनांचा राहत नाही, तो रुपयांचा होतो, आणि तो करायला स्वतःचं पान हातात लागतं.

मोजमापांचाही एक खोडा आहे. संस्थेतले लोक हेक्टरमध्ये बोलतात, पण तिथले जुने शेतकरी ‘आर्पां’ म्हणतात. हे जुनं फ्रेंच माप. तिथला एक आर्पां म्हणजे १.०४ एकर, आपल्या हिशेबात पावणेबेचाळीस गुंठे. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहूनच ठेवा.

दुसरं, प्रत्येकानं एकच प्रश्न घेऊन जायचं. आमच्या धाकट्या भावजींचा प्रश्न खोडव्याचा होता. गटातल्या एका शिक्षकांचा प्रश्न उताऱ्याप्रमाणे, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणात, पैसे मिळण्याचा होता. माझा पुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये आमचा चार एकर ऊस पाण्याखाली गेला. पाणी उतरल्यावर शेंडे कुजलेले, कांड्यांना डोळे फुटलेले, सगळ्या रानाला एक आंबूस वास. पंचनाम्याची वाट बघत बांधावर बसलेले दिवस मी विसरलेले नाही. ज्या बेटावर दरवर्षी चक्रीवादळाची टांगती तलवार असते, तिथला ऊसवाला वादळानंतर काय करतो, हे मला विचारायचं होतं.

आणि मॉरिशसला जाण्याआधी पाडेगाव बघा. फलटण तालुक्यातलं मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचं आहे. जमलं तर मांजरीचं वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटही. को ८६०३२ या आपल्या उसाच्या जातीची गोष्ट आपल्यालाच नीट ठाऊक नसेल तर परक्यांच्या जाती बघून डोक्यात काय शिरणार?

पत्रं, कपडे, प्रवास

निदान तीन महिने आधी पत्रं पाठवा. रेद्वी इथं १९५३ साली स्थापन झालेली मॉरिशसची ऊस संशोधन संस्था आहे, ती आता तिथल्या ऊस प्राधिकरणाच्या छत्राखाली चालते. त्यांना इंग्रजीत ई-मेल करा: किती जण, कोणत्या तारखा, प्रत्येकाचा प्रश्न काय. “आम्हाला संस्था बघायची आहे” एवढंच लिहिलंत तर एक फेरी मारून चहा देतील. प्रश्न लिहिलेत तर त्या विषयाचा माणूस समोर बसवतील. आमच्याबरोबर तसंच झालं. आपल्या कारखान्याचं किंवा कृषी विद्यापीठाचं शिफारसपत्र जोडा.

कारखाने खासगी आहेत, त्यांना वेगळं लिहावं लागतं. एकोणिसाव्या शतकात या चिमुकल्या बेटावर अडीचशेहून जास्त कारखाने होते. आम्ही गेलो तेव्हा तीन चालू होते: दक्षिणेला ला बाराक, पूर्वेला युनियन फ्लाक, उत्तरेला बेल व्ह्यू. तिन्ही बघायच्या फंदात पडू नका. एक कारखाना सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघा. बंद बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात. साडी नेसणाऱ्या बायकांनी पंजाबी ड्रेस न्यावा, जिने लोखंडी आणि उभे असतात. फोटोची परवानगी आधी मागा.

आठ-दहा जणांपेक्षा जास्त नको. छोट्या बसमध्ये मावतात आणि शेतात उभं राहिल्यावर सगळ्यांना ऐकू येतं. गटात एक तरी इंग्रजी न अडखळता बोलणारा हवा. लोक आपसात क्रिओल बोलतात, कागद इंग्रजीत असतात आणि जुन्या माणसांना भोजपुरी येते. मुंबईहून थेट विमान आहे, त्यांचं घड्याळ आपल्या दीड तास मागं. पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीयांना व्हिसा तिथं उतरल्यावर मिळतो, तरी निघण्यापूर्वी त्यांच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या. स्वेटर न्या. उष्ण बेट म्हणून आम्ही नेले नाहीत आणि मधल्या पठारावर सकाळी कुडकुडलो.

शेतात काय बघायचं

अख्खं बेट उत्तर-दक्षिण पासष्ट किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरहून कराडइतकंही नाही. पण पाऊस बघाल तर मधल्या पठारावर धो धो आणि किनाऱ्याच्या पट्ट्यात पाटपाण्याशिवाय भागत नाही. गगनबावडा आणि शिरोळ एकाच तालुक्यात आणून ठेवल्यासारखं. त्यामुळं शेत बघताना आधी विचारा, हे कोरडं रान की ओलं. जात, खत, पाणी सगळं त्यावर ठरतं.

तुमची नजर सगळ्यात आधी दगडांवर जाईल. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग, काही तर दुमजली घराएवढे. बेट ज्वालामुखीचं, जमिनीत गोटेच गोटे. माणसांनी हातानं वेचून ते रचलेत. पुढं यंत्रानं तोडणी करायची म्हणून अनेक ठिकाणी यंत्रं लावून रानं पुन्हा साफ केली. एका ढिगाशी आम्ही उभे होतो. मी एक दगड उचलून बघितला, आपल्या जोतिबाच्या डोंगराचा असावा तसा काळा, भोकाभोकांचा. दोन्ही हातांनीही जेमतेम उचलला.

ते दगड वेचणाऱ्यांत आपली माणसं होती. २ नोव्हेंबर १८३४ ला करारावरच्या भारतीय मजुरांची खेप पोर्ट लुईला उतरली आणि १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसं त्या धक्क्यावरून गेली. बहुतेक बिहार आणि दक्षिणेकडची, पण मुंबई बंदरातून मराठी माणसंही चढली. तो धक्का म्हणजे आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा. दौऱ्याचा अर्धा दिवस तिथं ठेवा आणि तो पहिल्या दिवशीच ठेवा, म्हणजे नंतर शेतं वेगळ्या डोळ्यांनी दिसतात.

खोडव्यात पाचट (उसाची वाळलेली पानं) बघा. तोडणीनंतर पाचट पेटवलेलं नाही, सरीत अंथरलेलं आहे, आणि त्यातून हिरवे फुटवे वर आलेत असं रान शोधून त्यात बसा. हो, बसाच. भावजींनी पाचट बाजूला करून हात खाली घातला, माती गार आणि दमट होती, त्यात गांडुळं होती. घरी ते दरवर्षी काडी लावायचे. त्यांना किती भाषणं ऐकवली असतील कुणी कुणी. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, नुसतं फूटपट्टीनं पाचटाची जाडी मोजून वहीत लिहिली.

काटा आणि नळी

कारखान्यात मिल, बॉयलर, पॅन आपल्यासारखेच. त्यात रमू नका, ते कागलला नाहीतर शिरोळलाही बघता येतं. तुम्ही काट्याच्या पुढं उभे राहा.

उसानं भरलेली लॉरी वजन करून पुढं सरकते आणि एका सांगाड्याखाली थांबते. वरून मांडीएवढी जाड पोलादी नळी खाली येते, तिच्या तोंडाला दाते असतात. ती गरगरत गाडीतल्या उसात घुसते, वरपासून आतपर्यंत. बाहेर येते तेव्हा पोटात उसाचा एक दांडगा नमुना असतो, वाढे, पाचट, माती, जे काही गाडीत असेल त्यासकट. तो नमुना बारीक होतो, दाबला जातो, रसातली साखर आणि चोयट्याचं (तंतूंचं) प्रमाण काढलं जातं. या तपासणीवर देखरेख ऊस प्राधिकरणाची असते, कारखान्याची नव्हे. आणि त्या शेतकऱ्याच्या नावावर त्याच्या उसातली साखर जमा होते.

हे आम्ही एका जागी उभं राहून दीड तास बघितलं. कारण आपल्याकडं एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) ठरते ती अख्ख्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. पक्व, स्वच्छ, चोवीस तासांत पोचलेला ऊस घालणाऱ्याला आणि कोवळा, मातीनं भरलेला ऊस घालणाऱ्याला टनाला एकच दर. कोल्हापूर विभागाचा उतारा राज्यात वरचढ आहे, पण त्यात माझ्या उसाचा वाटा किती हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. आमच्या शिक्षकांनी तिथल्या तपासनिसाला विचारलं, दहा गुंठेवाल्या शेतकऱ्याची पण तपासणी होते का? त्यानं सांगितलं, छोट्यांचे ऊस एकत्र गटानं येतात, त्यांचं मोजमाप गटाचं. हा बारकावा विचारल्यावरच कळतो, म्हणून विचारा. आपल्याकडं ही पद्धत आणायची म्हटली तर बैलगाडीच्या आणि ट्रॉलीच्या लहान लहान खेपा हीच पहिली अडचण येणार.

साखरेच्या विक्रीबद्दलही एक तास काढा. युरोपनं ठरवून दिलेल्या चांगल्या भावावर ही साखर पिढ्यान्‌पिढ्या जात होती. २००६ पासून तो भाव टप्प्याटप्प्यानं ३६ टक्के खाली आला. कारखाने मिटले, छोट्या शेतकऱ्यांनी रानं पडीक टाकली, उरलेले तपकिरी खास साखरा, शुभ्र साखर आणि बगॅसची (चिपाडाची) वीज यांकडे वळले. बो प्लाँच्या बंद पडलेल्या कारखान्यात संग्रहालय आहे, तिथं या साखरा चाखायला मिळतात. एक गडद, ओलसर साखर जिभेवर ठेवली आणि मला थेट गुऱ्हाळातली काकवी आठवली. शाहू मार्केट यार्डात गूळ लावणारं कुणी गटात असेल तर त्यांना तिथं जास्त वेळ द्या, पाकिटं उलटून बघू द्या.

माझ्या प्रश्नाचं उत्तर

तिथं १९४६ पासून उसाचा विमा निधी आहे. चक्रीवादळ, दुष्काळ, अतिवृष्टी यांनी साखर घटली की भरपाई. सगळ्या ऊस उत्पादकांना हा विमा सक्तीचा असतो. पण मी ज्यासाठी गेले होते ते पुढंच होतं: घट कशी ठरवतात? त्या शेतकऱ्याच्या मागच्या वर्षांच्या नोंदींवरून. नोंद त्याच्याकडं आणि निधीकडं, दोन्हीकडं असते. नळीनं मोजलेली साखर वर्षानुवर्षं त्याच्या नावावर चढत गेलेली असते, म्हणून नुकसानीच्या वेळी वाद घालायला जागाच उरत नाही. मला बांधावरचे ते दिवस आठवले. आमचं किती गेलं हे ठणकावून सांगायला माझ्याकडं तेव्हा एक कागद नव्हता.

कांडी आणू नका

हे हात जोडून सांगते. संशोधन संस्थेत जाती बघताना मोह होतो. तिथं जातीच्या नावात साल शेवटी असतं, एम ११७६/७७ म्हणजे १९७७ ची, आपल्या को ८६०३२ मध्ये ८६ सुरुवातीला. रोपापासून जात शेतकऱ्याच्या हाती पडायला दहा-बारा वर्षांहून जास्त जातात. परतीच्या आदल्या रात्री गटातल्या एकाच्या पिशवीत ओल्या रुमालात गुंडाळलेला उसाचा एक डोळा (कोंब फुटतो तो कांडीचा तुकडा) सापडला. रात्री अकराला आम्ही सगळे त्यांच्या खोलीत बसलो. परक्या मुलखातल्या उसातून येणारे डिंक्या रोगासारखे जिवाणू डोळ्यानं दिसत नाहीत. २००२ च्या सुमाराला लोकरी माव्यानं (उसाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीनं) आपली रानं कशी पांढरी केली होती, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. त्याची आठवण दिल्यावर त्यांनी तो डोळा स्वतः उकळत्या पाण्यात टाकला. परदेशी जाती आणायची वाट सरकारी विलगीकरणातून जाते, ती शास्त्रज्ञांची वाट आहे. बूटही तिथंच घासून धुवा, तळव्याच्या खाचांतली माती काडीनं काढा, शेतात घातलेले कपडे वेगळ्या पिशवीत घाला.

गणपतीचा दिवस

आम्ही मुद्दाम चतुर्थी धरून गेलो. तिथल्या शाळांत मराठी शिकवतात, मराठी मंडळं आहेत. एका मंडळाच्या मांडवात सत्तरीच्या एक आजी भेटल्या. मराठी थोडीच यायची, पण आरतीचा एकही शब्द चुकत नव्हता. आम्ही ऊसवाले म्हटल्यावर त्यांनी माझा हात उलटा करून तळवा बघितला आणि आपला दाखवला. त्यांचा तीन आर्पां ऊस होता, मुलं शहरात, तोडायला माणूस मिळत नाही म्हणून दोन आर्पां पडीक. मजूर का मिळत नाहीत हा प्रश्न संस्थेत आकड्यांनी समजला होता, तो त्यांच्या ओट्यावर चहा पिताना नीट कळला. कागदावरच्या भेटींबरोबर अशा भेटीलाही जागा ठेवा. जाताना गूळ न्या, बंद पाकिटातला, आणि विमानतळावर विचारलं तर नोंदवून सांगा.

परत आल्यावर

आठवडाभरात सोसायटीच्या सभागृहात बसा, नाहीतर वह्या कपाटात जातात. प्रत्येकानं आपल्या प्रश्नाचं उत्तर दहा मिनिटांत सांगायचं, आणि एक गोष्ट दहा गुंठ्यांत करून बघायची, सगळ्या रानात नाही. भावजींनी पाचट ठेवलं. पहिल्या वर्षी उंदीर झाले, शेजाऱ्यांनी नावं ठेवली. त्यांनी पाचट सरीआड सरी केलं आणि कुजायला जिवाणू कल्चर वापरलं. मी नोंदी धरल्या: प्रत्येक खेपेची काटा पावती गटनंबरवार चिकटवते, शेजारी तोडणीची तारीख आणि हातातल्या ब्रिक्समीटरचं (रसाची गोडी मोजणाऱ्या यंत्राचं) वाचन. मीटर आम्ही चौघींनी मिळून घेतलाय, तो आठवड्यातून एकीकडून दुसरीकडं फिरतो.

भावजींच्या त्या दहा गुंठ्यांत यंदा निडवा आहे, तिसऱ्यांदा ठेवायचा की मोडायचा हे अजून ठरायचं आहे. गेल्या रविवारी दहा फुटांच्या सरीत फुटवे मोजले, पाचटाच्या बाजूला ७४ आणि मोकळ्या बाजूला ६१. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा मोजणार आहोत, तेव्हा कुणाला यायचं असेल तर सकाळी आठच्या आत या.